पिंपातला सॅम्पल फ्लॅट

पुण्यात फ्लॅट बुक करायला गेलेल्या कुणालाही सॅम्पल फ्लॅट माहीत असतो. हिंजवडी किंवा वाघोलीला एका उघड्या माळावर, पत्र्याच्या कुंपणाआड, एक सजवलेलं घर उभं असतं. पडदे लावलेले, एसी चालू, टेबलावर प्लास्टिकची लिंबं. पलंग मुद्दाम सहा इंच आखूड बनवलेला, म्हणजे खोली मोठी वाटावी. आपण ते घर बघतो, आणि पैसे देतो ते दुसऱ्याच, अजून न बांधलेल्या, चौदाव्या मजल्यावरच्या हवेतल्या घराचे. यात काही गैर आहे असं आपल्याला वाटत नाही, कारण भाव तयार फ्लॅटपेक्षा कमी असतो. थांबायचं, धोका पत्करायचा, म्हणून स्वस्त. तेवढा हिशोब आपल्या मावशीलाही कळतो.

आता समजा, तयार फ्लॅट साठ लाखांना मिळतोय आणि बिल्डर हवेतल्या फ्लॅटचे सत्तर मागतोय. वर म्हणतोय, "यंदा नाही घेतलात तर पुढच्या प्रोजेक्टमध्ये तुमचं नाव यादीत राहील याची खात्री नाही." आपण चप्पल घालून बाहेर पडू. फ्रान्समध्ये, बोर्दोच्या उंची वाईनच्या बाबतीत, याच व्यवहाराला आँ प्रिमर म्हणतात आणि जगभरचे सुशिक्षित लोक दर वसंतात त्यासाठी रांग लावतात. तीन वर्षांपूर्वी त्या रांगेत मीही होते.

पद्धत अशी आहे. द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडली जातात. त्यांची वाईन सव्वादोनशे लिटरच्या ओकच्या पिंपांत दीड-दोन वर्षं मुरते आणि मग बाटलीत भरली जाते. पण विक्री त्याआधीच होते. तोडणीनंतरच्या मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे वाईन जेमतेम सहा महिन्यांची असताना, जगभरचे समीक्षक आणि व्यापारी बोर्दोत जमतात. नामांकित शातोंची संघटना टेस्टिंगचा आठवडा भरवते. प्रत्येक शातो पिंपांमधून काढलेला नमुना चाखायला देतो. शातो म्हणजे शब्दशः किल्ला. प्रत्यक्षात बऱ्याचदा नुसती वाडी, कधीकधी खरंच राजवाडा. समीक्षक शेकडो नमुने चाखतात, थुंकतात, शंभरपैकी गुण देतात. ते गुण बाहेर आले की मे-जूनमध्ये एकेक शातो आपला भाव जाहीर करतो. गिऱ्हाईक तेव्हा पूर्ण पैसे भरतं. बाटल्या येतात दोन वर्षांनी, कधी अडीच.

मी अशी नमुन्यांची चव घेतली ती बोर्दोत नाही, लंडनमध्ये. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. एका वाईन-व्यापाऱ्याने ग्राहकांसाठी संध्याकाळ ठेवली होती. टीममधल्या एका सीनियरकडे जादा पास होता. लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, दर चार हातांवर पिकदाणी. (स्पिटून या शब्दाला मराठीत इतका नेमका शब्द आहे आणि तो आपण फक्त पान खाणाऱ्यांसाठी राखून ठेवलाय.) ग्लासात जो द्रव होता त्याचा रंग पिकल्या जांभळाचा. चव? पहिल्या घोटाला जीभ अशी आखडली की कच्ची सुपारी आणि आवळा एकत्र चावल्यासारखं झालं. मागे कुठेतरी फळ होतं, करवंदासारखं. नवं लाकूड होतं, ताज्या फर्निचरच्या दुकानातलं. ती वाईन वाईट होती असं मी म्हणत नाही. ती वाईनच अजून झाली नव्हती. शेजारी उभे असलेले सुटाबुटातले एक काका मात्र डोळे मिटून म्हणाले की ही २०४५ ला सर्वोत्तम होईल. २०४५! आमच्या कामात पुढच्या स्प्रिंटचा अंदाज दोन दिवसांनी चुकतो.

त्या रात्री मी सहा बाटल्यांची एक केस बुक केली. शातोचं नाव इथे महत्त्वाचं नाही. २०२२ चं पीक. चारशे वीस पौंड, इन बाँड. म्हणजे ड्यूटी आणि व्हॅट वेगळे, माल कस्टम्सच्या गोदामातून बाहेर काढाल तेव्हा. २०२२ हे वर्ष प्रचंड उष्ण आणि कोरडं होतं, समीक्षक खूश होते, आणि व्यापाऱ्याच्या ईमेलमध्ये 'पिढीतून एकदा' असा शब्दप्रयोग होता. पुढे मला कळलं की बोर्दोत पिढी साधारण तीन वर्षांची असते.

या साखळीत कोण कुठे उभं आहे ते बघण्यासारखं आहे. शातो थेट विकत नाही. तो विकतो नेगोसियाँना, म्हणजे घाऊक व्यापाऱ्यांना. मध्ये कुर्तिये नावाचा दलाल, त्याची दलाली परंपरेने दोन टक्के. नेगोसियाँ विकतात लंडन, हाँगकाँग, न्यूयॉर्कच्या आयातदारांना आणि दुकानदारांना. ते विकतात आपल्याला. या सगळ्या बाजाराला 'ला प्लास द बोर्दो' म्हणतात. नाव चौकाचं आहे, पण चौक कुठेच नाही; सगळं फोनवर आणि आता स्क्रीनवर चालतं. शातो माल एकदम सोडत नाही, हप्त्याहप्त्याने सोडतो. पहिला हप्ता थोडा, भाव चढा वाटला तरी पटकन संपेल इतकाच. मग दुसरा, जास्त भावाने. आणि प्रत्येक नेगोसियाँला ठरलेला कोटा, ज्याला ॲलोकेशन म्हणतात. खरी मेख तिथे आहे. वाईट वर्षी माल उचलला नाही तर चांगल्या वर्षी कोटा मिळेलच असं नाही. म्हणून नेगोसियाँ वाईट वर्षीही उचलतो आणि तोच धाक पुढे दुकानदाराला घालतो, दुकानदार मला. म्हणजे शातो २०२१ चा पाऊस, कडाका आणि बुरशी विकू शकतो, कारण तुम्हाला २०२२ हवं असतं. आणि २०२२ ला तो भाव वाढवतो, कारण तुम्ही २०२१ ला नाही म्हणाला नव्हता.

ही पद्धत लबाडीतून जन्मली असं मात्र नाही. उलट, तिचं मूळ बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. पूर्वी नेगोसियाँ कधीकधी पीक वेलीवर असतानाच विकत घ्यायचे. कोकणात मोहोर बघून आंब्याची बाग कराराने देतात, तसंच. वाईन पिंपातून थेट नेगोसियाँच्या गोदामात जायची आणि तोच ती मुरवायचा, बाटलीत भरायचा. १९२४ मध्ये मूतों-रॉथशिल्डच्या फिलिप द रॉथशिल्डने सगळी वाईन शातोतच बाटलीत भरायचं ठरवलं तेव्हा तो क्रांतिकारक समजला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर बरेच शातो कफल्लक होते. पुढचं पीक काढायला रोख हवी, वाईन विकली जायला दोन वर्षं. मग व्यापाऱ्याने आधी पैसे द्यावेत, त्याबदल्यात स्वस्त घ्यावं. सरळ कर्ज होतं ते, व्याज सवलतीच्या रूपात. यात सामान्य पिणाऱ्याचा काही संबंध नव्हता.

तो आला तो मुख्यतः १९८२ च्या पिकानंतर. मेरीलँडमधला रॉबर्ट पार्कर नावाचा एक वकील १९७८ पासून वाईनवर स्वतःचं पत्रक काढत होता आणि शाळेतल्यासारखे शंभरपैकी गुण देत होता. १९८२ ची वाईन पिंपात असतानाच तो म्हणाला की ही असामान्य आहे. काही जुनेजाणते साशंक होते. पार्कर बरोबर निघाला, भाव पुढे कित्येक पटींनी वाढले, आणि ज्यांनी आधी घेतली त्यांची चांदी झाली. त्या एका वर्षाच्या पुण्याईवर हा धंदा आजवर चालला आहे. आपल्याकडे प्रत्येक खानदानात एक काका असतात ज्यांनी ८२ साली कोथरूडला प्लॉट घेतला होता, तेव्हा तिथे कोल्हे होते वगैरे. काकांची गोष्ट खरीच असते. पण ती ऐकून आज कोथरूडला प्लॉट घ्यायला जाणाऱ्याला तिचा काय उपयोग?

दुसरी गोष्ट २००८ ची. लेमन ब्रदर्स बुडल्यानंतरच्या वसंतात भाव पाडून माल सोडावा लागला. लाफीत-रॉथशिल्डची बारा बाटल्यांची केस लंडनमध्ये दोन हजार पौंडांच्या आसपास मिळत होती. मग चिनी बाजार उसळला. २०१० च्या शरदात लाफीतने जाहीर केलं की २००८ च्या बाटलीवर चिनी लिपीतला आठचा आकडा कोरणार. चीनमध्ये आठ शुभ. भाव मूळच्या पाचपटीच्या घरात गेला. चव तीच, काचेवर एक अक्षर जास्त. हे बघून शातोंनी ठरवलं की एवढा नफा गिऱ्हाइकाला का द्यायचा. २०१० चं लाफीत २०११ मध्ये सुटलं तेच केसमागे दहा हजार पौंडांच्या वर. त्याच वर्षी बाजार वळला. दहा वर्षं उलटून गेल्यावरही ती केस सुटली त्या भावाच्या बऱ्याच खाली मिळत होती. शंभर नंबरी वाईन, उत्तम वर्ष, दशकभराची वाट, आणि तोटा. धोका गिऱ्हाइकाचा राहिला आणि सवलत शातोने परत घेतली. माझ्या रागाचं कारण एका ओळीत सांगायचं तर एवढंच आहे.

पण भाव बाजूला ठेवू. चाखण्याचं काय? सहा महिन्यांच्या वाईनवरून वीस वर्षांनंतरचं सांगता येतं का? अनुभवी माणसाला काही प्रमाणात येतं, हे मी मान्य करते. आमचे आजोबा कलिंगडावर टिचकी मारून सांगायचे, आणि दहातल्या आठ वेळा बरोबर असायचे. पण शंभरपैकी ९६ की ९७ हे टिचकीवरून सांगता येत नाही. रॉबर्ट हॉजसन नावाच्या निवृत्त प्राध्यापकाने, जो स्वतः वाईन बनवतो, कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांवर एक साधा प्रयोग केला: एकाच बाटलीतली वाईन त्यांना न सांगता तीनदा दिली. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आला. जेमतेम दहा टक्के परीक्षकांनी तिन्ही वेळा सुसंगत गुण दिले. त्याआधी, २००१ मध्ये, खुद्द बोर्दोत फ्रेडरिक ब्रोशे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली, तर वासाच्या वर्णनात लाल वाईनचे शब्द आले. लोक याचा अर्थ 'वाईनतज्ज्ञ भोंदू असतात' असा लावतात. तो चुकीचा आहे. डोळा नाकाला शिकवतो, एवढाच त्याचा अर्थ. पण मग पहिल्या वर्गातले शातो आपला नमुना स्वतःच्याच वास्तूत, दिवाणखान्यात, नाव-गाव समोर ठेवून का चाखायला देतात, हे वेगळं सांगायला नको. पलंग सहा इंच आखूड आहे.

शिवाय नमुना हा नमुनाच असतो. तो कोणत्या पिंपांमधून काढायचा, कोणत्या मिश्रणाचा, हे विकणारा ठरवतो. अंतिम वाईन त्याच्याशी तंतोतंत जुळलीच पाहिजे असं बंधन नाही. सगळे फसवतात असा माझा दावा नाही. बहुतेक जण प्रामाणिकपणे जमेल तितका जवळचा नमुना देत असावेत. पण डेमो आणि प्रॉडक्शन यांत काय फरक असतो हे माझ्या व्यवसायातल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. डेमो आम्हीच बनवतो.

इथे मला प्रिन्स्टनचा अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर फार आवडतो. त्याने वाईन न चाखता भाव वर्तवला. हिवाळ्यातला पाऊस किती, वेली वाढतानाचं सरासरी तापमान किती, तोडणीच्या आधी पाऊस किती. तीन आकडे, आणि वाईनचं वय. एक साधं रिग्रेशन. जुन्या पिकांच्या लिलावातल्या भावांमधला बहुतांश फरक एवढ्यावर समजावता येतो, असं त्याने दाखवलं. समीक्षक भडकले. पण त्याच्या कामातली खरी टोचणारी गोष्ट पुढे आहे: वाईन कोवळी असतानाचे भाव हवामानाची ही फुकट माहितीसुद्धा नीट धरत नाहीत, वर्षं जातात तसे ते हळूहळू समीकरणाकडे सरकतात. म्हणजे सुरुवातीचा भाव हा गुणवत्तेचा अंदाज कमी आणि उत्साहाचा मोजमाप जास्त. एका रविवारी मीही चार कॉलमची शीट घेऊन पायथनमध्ये हा खेळ करून बघितला. अलीकडची उन्हाळी वर्षं इतकी तापलेली आहेत की जुन्या आकड्यांवर ओढलेली सरळ रेषा तिथे भरवशाची नाही, त्यामुळे मी काही भाकीत करत नाही. पण तोडणी संपते तेव्हाच निम्मीअर्धी गोष्ट कळलेली असते, हे तर खरं. मग एप्रिलचा सगळा सोहळा कशासाठी?

त्याचं उत्तर २०२० ने दिलं. कोविडमुळे कुणी बोर्दोला जाऊ शकलं नाही. २०१९ चे नमुने कुरियरने लोकांच्या घरी गेले, आणि समीक्षकांनी ते स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून चाखले. गुण उत्तम पडले. भाव मात्र घाबरून पाडलेले होते, काही नामांकित शातोंनी तर तीस टक्क्यांच्या आसपास. आणि माल सुरेख विकला गेला. दिवाणखाने, मेजवान्या, भाषणं यांतलं काहीच लागत नाही, फक्त भाव वाजवी लागतो, हे सिद्ध झालं होतं. तीन वर्षांनी, २०२२ च्या पिकाला, भाव पुन्हा आभाळात. आणि २०२३, २०२४ ला पुन्हा घसरण. लाफीतनेच दोन्ही वेळा तीस टक्क्यांच्या आसपास कपात केली. ज्यांनी २०२२ घेतलं होतं त्यांच्याकडे कुणी वळून बघितलं नाही.

माझी केस २०२५ मध्ये लंडनबाहेरच्या गोदामात पोचली. त्यानंतर काही महिन्यांनी त्याच व्यापाऱ्याचा ईमेल आला. तीच वाईन, तेच पीक, सहा बाटल्या, 'आता प्रत्यक्ष उपलब्ध', तीनशे अठरा पौंड. मी दोनदा वाचला. मी दिलेले चारशे वीस बँकेत नुसते पडून राहिले असते तरी साडेचारशेच्या पुढे गेले असते. वर गोदामाचं भाडं. मी फोन केला. पलीकडचा मुलगा माझ्याच वयाचा असावा, अतिशय नम्र. म्हणाला की वाईन ही गुंतवणूक म्हणून घेऊ नये, आवडीने घ्यावी. दोन वर्षांपूर्वीच्या त्यांच्याच ईमेलमध्ये भाववाढीचा आलेख होता, तो मी त्याला वाचून दाखवला नाही. त्याचा काय दोष? त्यालाही कुणीतरी ॲलोकेशन दिलेलं होतं.

"तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली होती का?" हा प्रश्न मला मित्रांनी विचारला. नाही. पण अंडर-कन्स्ट्रक्शन फ्लॅट घेणाऱ्यावरही कुणी जबरदस्ती करत नाही, तरी २०१६ मध्ये रेरा कायदा आला. बिल्डरने ग्राहकांचे सत्तर टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, उशीर झाला तर व्याज द्यावं. रेराने सगळे प्रश्न सुटलेत असं पुण्यात राहणारा कुणी म्हणणार नाही, पण तत्त्व तरी मान्य झालं. आँ प्रिमरला रेरा नाही. माझे पैसे मधल्या काळात कुणाच्या खात्यात होते, मला माहीत नाही. कॅलिफोर्नियात बर्कलीला प्रीमिए क्रू नावाचं दुकान होतं. असाच न आलेला माल आगाऊ पैसे घेऊन विकायचं. २०१६ च्या जानेवारीत ते दिवाळखोरीत गेलं, तेव्हा कळलं की मालक कित्येक बाटल्या कधी मागवतच नव्हता. नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुन्याचा माल. साडेचार कोटी डॉलरच्या आसपासचा घोटाळा, मालकाला तुरुंग. सगळे दुकानदार तसे नसतात. पण पद्धतच अशी की दोन वर्षं कुणी बाटली मागत नाही, हे त्याला फार सोयीचं पडलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काही वाईन इतक्या थोड्या निघतात की आधी नाव नोंदवल्याशिवाय मिळतच नाहीत. हे बर्गंडीबाबत खरं आहे. तिथे एकेका शेतकऱ्याकडे एकेका बांधाच्या दोन-चार पिंपांची वाईन, आणि टेस्टिंग होतं जानेवारीत, तोडणीनंतर सव्वा वर्षाने, म्हणजे वाईन बरीचशी वयात आल्यावर. तिथले भावही डोकं फिरवणारे आहेत, पण तो वेगळा भांडणाचा विषय. बोर्दोचे मोठे शातो वर्षाला लाखांच्या हिशोबात बाटल्या काढतात. टंचाई कसली? गंमत म्हणजे याच ला प्लासवर आता चिलीची आल्माविव्हा आणि कॅलिफोर्नियाची ओपस वनही विकली जाते, ती बाटलीत भरून तयार. परदेशी पाहुण्याला जमतं ते यजमानाला का जमू नये?

एका यजमानाने ते केलं. शातो लातूर (हो, लातूर, मराठी माणसाला पाण्याची रेल्वे आठवते, त्याला इलाज नाही) २०१२ मध्ये या पद्धतीतून बाहेर पडला. २०११ चं पीक शेवटचं. त्यानंतर वाईन शातोच्याच तळघरात मुरवून, पिण्याजोगी झाली असं वाटल्यावर विकायची. शेजारीपाजारी नाराज झाले. लातूर काही संत नाही, तो उशिरा विकतो आणि भरभक्कम विकतो. पण निदान वाट बघण्याचा खर्च तो स्वतः करतो आणि मला बाटली दाखवून पैसे मागतो.

या सगळ्यात बोर्दो म्हणजे हे साठ-शंभर राजवाडेच, असा समज होतो. १८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी भावांवरून शातोंचे पाच वर्ग पाडले. ती यादी आजही जवळपास तशीच आहे. पहिल्या वर्गात नंतर भर पडली ती एकाच नावाची, १९७३ मध्ये, मूतोंची. पण बोर्दोत हजारो साधे बागायतदार आहेत. २०२३ मध्ये फ्रेंच सरकार आणि स्थानिक वाईन-मंडळाने तिथल्या साडेनऊ हजार हेक्टर वेली उपटण्यासाठी योजना आणली, हेक्टरी सहा हजार युरो. विकलीच जात नाही तर ठेवून काय करायचं. घाऊक बाजारात वाईन तोनोच्या हिशोबात मोजतात. एक तोनो नऊशे लिटर, म्हणजे बाराशे बाटल्या. साध्या मेदोकचा तोनो बाराशे युरोच्या आसपास विकला गेला, म्हणजे बाटलीभर वाईनला एक युरो. एका बागायतदाराने इतक्या कमी भावाबद्दल दोन नेगोसियाँवर दावा लावला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बोर्दोच्या व्यापारी न्यायालयाने त्याला साडेतीन लाख युरोंच्या आसपास भरपाई द्यायला सांगितली. तोच रस्ता, तीच खडकाळ माती, तोच पाऊस. रस्त्याच्या एका बाजूला दोन वर्षं आधी पैसे मिळतात आणि दुसऱ्या बाजूला वेली मुळासकट निघतात.

हे मी मामांना सांगितलं. निफाडजवळ त्यांची चार एकर द्राक्षबाग आहे, खायच्या द्राक्षांची. वाईनला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही. मी सगळं समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "थांब, म्हणजे माल द्यायच्या दोन वर्षं आधी व्यापारी शेतकऱ्याला पैसे देतो?"

"सगळ्या नाही मामा, मोठ्या शेतकऱ्याला."

"आमच्याकडे माल नेल्यावर दोन महिन्यांनी चेक येतो. आला तर."

ते मजेने म्हणाले, पण ती मजा नव्हती. दरवर्षी कुणी ना कुणी व्यापारी लाखोंचा माल उचलून परागंदा होतो; २०२० मध्ये नाशिक भागात पोलिसांना अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडावी लागली होती. मामांचेही एकदा गेलेत. मी म्हटलं, इथे उलटं झालंय, बुडालेय ती मी. त्यावर ते जरा वेळ गप्प राहिले आणि त्यांनी विचारलं, "तू त्या बागेत गेली होतीस?"

"नाही."

"माल बघितला?"

"चमचाभर. कच्चा."

"मग कशावरून दिलेस पैसे?"

मी नंबरांबद्दल काहीतरी बोलले. ९६-९८ असं काहीसं. मामांनी विषय बदलला.

माझं मागणं काही फार नाही. आधी पैसे हवेत तर त्याच शातोच्या, त्याच तोडीच्या, बाजारात तयार मिळणाऱ्या जुन्या पिकापेक्षा भाव ठळकपणे कमी ठेवा. पंचवीस-तीस टक्के, म्हणजे दोन वर्षांचं व्याज, गोदामभाडं आणि धोका भरून निघेल. पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, माल येईपर्यंत हात लावू नका. वाईट वर्षी नाही म्हणणाऱ्याला चांगल्या वर्षी शिक्षा करू नका. हे जमत नसेल तर बाटलीत भरा, मुरवा, आणि मग दुकानात ठेवा, जशी पृथ्वीवरची जवळजवळ प्रत्येक वाईन विकली जाते. आणि माझ्या ओळखीच्या आयटीवाल्यांना, ज्यांना हल्ली लिंक्डइनवर 'फाइन वाईन पोर्टफोलिओ'चे मेसेज येतात: बोर्दो प्यायची हौस असेल तर जरूर प्या. दहा वर्षांपूर्वीचं पीक, मुरलेलं, बाजारातून घ्या. ते बऱ्याचदा नव्यापेक्षा स्वस्त असतं आणि त्याच संध्याकाळी उघडता येतं.

केसमधल्या दोन बाटल्या मी मागवून घेतल्या. बाटलीमागे तीन पौंडांच्या आसपास ड्यूटी आणि वर वीस टक्के व्हॅट भरून. एक उघडली. सुपारी अजून आहे, आवळा गेलाय. करवंद छान आहे. वाईन चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही.

मागच्या वसंतात व्यापाऱ्याचा ईमेल आला होता: २०२४ च्या पिकात माझ्यासाठी एक केस राखून ठेवली आहे, शुक्रवारपर्यंत कळवावं. मी नको म्हणून कळवलं. दोन तासांत उत्तर आलं, तितकंच नम्र. माझ्या निर्णयाचा ते आदर करतात, मात्र २०२५ च्या ॲलोकेशनची हमी आता देता येणार नाही. खाली गोदामभाड्याचं बिल जोडलेलं होतं.